शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला कामावर घेताना: पहिले नव्वद दिवस

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला काम द्यायची तयारी असलेले वर्कशॉपवाले, बेकरीवाले, हॉटेलमालक महाराष्ट्रात कमी नाहीत. गाडी अडते ती पुढे. माणूस येतो, मान खाली घालून चांगलं काम करतो, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक दिवस येतच नाही. मग “शेवटी तसलाच निघाला” असा निकाल लागतो. त्या दिवशी नेमकं काय झालं हे शोधायला गेलं, तर बहुतेक वेळा तीनांपैकी एक कारण सापडतं: पगाराची तारीख लांब होती, कोर्टाची तारीख चुकली होती, किंवा बँकेचं खातं बंद पडलेलं होतं. मालकाला हे आधी ठाऊक असेल तर तिन्ही गोष्टी हाताळता येतात. पाच-पंचवीस माणसांचा कारभार असलेल्या आणि पहिल्यांदाच असा कामगार घेणाऱ्या मालकासाठी हे लिहिलं आहे.

कोण कसा सुटला आहे, हे आधी बघा

“जेलमध्ये होता” एवढ्यावरून काही ठरवू नका. आपल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी जवळपास तीन न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी असतात. त्यांच्यावर गुन्हा सिद्धच झालेला नसतो. समोरचा माणूस जामिनावर आहे, निर्दोष सुटला आहे, पूर्ण शिक्षा भोगून आला आहे, की जन्मठेपेत माफी मिळून अटींवर सुटला आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

निर्दोष सुटलेल्याला तो गुन्हा केल्यासारखं वागवायचं कारणच नाही. पूर्ण शिक्षा भोगलेल्याचा त्या गुन्ह्यापुरता हिशेब संपला. जामिनावर असलेल्याला तारखा असतात आणि पुष्कळदा पोलीस ठाण्यात हजेरी असते. मुदतीआधी अटींवर सुटलेल्याचा मुक्तता आदेश पूर्ण वाचा; जिल्हा सोडायचा नाही, ठरावीक दिवशी ठाण्यात जायचं, अशा अटी त्यात असू शकतात. संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) आलेला माणूस मात्र अजून बंदीच आहे आणि त्याला परत जायचं आहे. त्याला आत्ता रुजू करून घेऊ नका. सुटकेचा महिना विचारून वहीत लिहून ठेवा.

प्रौढ माणसाची शिक्षा ठरावीक वर्षांनी नोंदीतून आपोआप पुसली जाईल, अशी सर्वसाधारण सोय आपल्याकडे नाही. पण दोन ठिकाणी कायद्यानेच दार उघडं ठेवलं आहे. १९५८च्या अपराधी परिविक्षा (प्रोबेशन) अधिनियमाखाली कलम ३ किंवा ४ प्रमाणे समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. ते कलम १२ मध्ये आहे. दुसरं, अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चाललं असेल, तर २०१५च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ तेच संरक्षण देतं. अशा मुलाला मोठेपणी त्याबद्दल विचारू नका. त्याने स्वतःहून सांगितलंच, तर तुमच्यापाशीच ठेवा.

कुठली कामं देताच येत नाहीत

हे आधी पाहिलं नाही तर माणसाला आशा लावून परत पाठवायची वेळ येते, आणि ती फार वाईट वेळ असते. खासगी सुरक्षा एजन्सीला न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षारक्षक म्हणून ठेवता येत नाही. २००५च्या कायद्यातच तशी मनाई आहे. “निदान वॉचमन तरी करू” हा सगळ्यात आधी सुचणारा उपाय एजन्सीमार्फत चालणार नाही, तो इथेच सोडून द्या. नैतिक अधःपतनाच्या (चोरी, फसवणुकीसारख्या) गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँक नोकरीत ठेवू शकत नाही. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजसाठी पोलीस पडताळणी लागते. एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्या ठेकेदाराच्या माणसांचंही चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात; तुमचं काम तिथे जॉबवर्कचं असेल आणि माणूस त्यांच्या गेटमधून आत जाणार असेल, तर त्यांच्या पर्सोनेल खात्याला आधी विचारा. तुमच्याच शेडमध्ये बसून करायच्या कामाला ही अडचण नाही.

बाकी मैदान मोठं आहे: फॅब्रिकेशन, सुतारकाम, बेकरी, पॅकिंग, नर्सरी, लाँड्री, शिवणकाम, गोठा, छपाई, गोदाम.

माणूस कुठून मिळवायचा

रस्ता सरळ आहे, पण लोकांना ठाऊक नसतो. जवळच्या मध्यवर्ती किंवा जिल्हा कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावाने एका पानाचं पत्र लिहा. त्यात पाच गोष्टी हव्यात: काम काय, जागा कुठे, वेळ काय, हातात पगार किती, आणि राहण्याची सोय आहे की नाही. शेवटची ओळ सगळ्यात आधी वाचली जाते. दुसरं दार म्हणजे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचं कार्यालय. महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी त्या खात्याकडे आहेत आणि सुटलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडे येतं. मुंबई परिसरात टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून नेमकं हेच काम करतो.

सुटकेच्या आधी दोन महिने बोलणं सुरू झालेलं सगळ्यात चांगलं. माणूस गेटबाहेर पडतो तेव्हा त्याच्या खिशात आतल्या मजुरीचे थोडे पैसे, हातात कपड्यांची पिशवी आणि डोक्यात एकच प्रश्न असतो: आज रात्री कुठे? त्या दिवशी त्याला घ्यायला जुना साथीदार आला आणि तुम्ही पंधरा दिवसांनी भेटलात, तर तुम्ही उशीर केलात.

खुल्या कारागृहातून आलेल्या माणसाला पसंती द्या. पैठण, येरवडा, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर इथे चांगल्या वर्तणुकीचे, चाळून निवडलेले बंदीच पाठवले जातात. स्वतंत्रपूरची वसाहत तर औंध संस्थानाच्या काळातली, १९३९ची आहे. भिंत नसलेल्या जागी राहून, सकाळी शेतात जाऊन संध्याकाळी आपल्या पायांनी परत यायची सवय त्या माणसाला लागलेली असते. गंमत म्हणजे त्यांत खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेलेच पुष्कळ असतात. बांधावरून, घरगुती भांडणातून, एका रात्रीत घडलेला तो गुन्हा असतो. कलमाचा आकडा पाहून नकार देणारा मालक अनेकदा सगळ्यात टिकाऊ माणूस गमावतो.

आत शिकलेल्या कामाबद्दल एक सावधगिरी. कारागृहांत चांगली कामं होतात; नाशिकरोडला बंदी गणेशमूर्ती घडवतात, कोल्हापूरच्या कळंब्यात अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले गेले आहेत, सुतारकाम, विणकाम आणि शिवणकाम तर बऱ्याच मोठ्या कारागृहांत आहे. पण आतल्या शिवणखात्यात गणवेशाची सरळ शिवण झालेली असते. असा माणूस बॅगा, ॲप्रन, शाळेचे ड्रेस पहिल्याच दिवशी शिवेल. ब्लाउजच्या फिटिंगला बसवलात तर दोघांचीही फजिती. सुतार असेल तर रंधा-पटाशी उत्तम चालवेल, पण पॅनेल सॉ आणि एज बँडिंग त्याने पाहिलेलं नसेल. प्रमाणपत्र बघा, पण दोन तासांची ट्रेड टेस्ट घ्या आणि त्या दोन तासांचे पैसे द्या.

भेटीत काय विचारायचं

केबिनचं दार लावून घ्या, चहा सांगा आणि “तुम्ही” म्हणा. आत असताना त्याला बहुतेक वेळा एकेरीत हाक मारलेली असते. वयाने मोठा असेल तर आडनावापुढे राव, किंवा दादा, मामा, जे तुमच्या भागात चालतं ते. हा वरवरचा शिष्टाचार नाही. समोरचा माणूस खरं बोलेल की नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत यावरच ठरतं.

मग सरळ विचारा: “कुठलं कलम होतं, शिक्षा किती झाली, सुटलात कधी? अजून कुठली केस चालू आहे का? कुठे हजेरी लावावी लागते का?” गुन्हा कसा केला याची कहाणी विचारू नका. ती कामाला लागत नाही. कागद मागा: मुक्ततेचा दाखला आणि निकालपत्राचं शेवटचं पान, म्हणजे जिथे न्यायालयाचा आदेश असतो ते.

कलमं वाचताना एक घोटाळा होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण आज सुटणाऱ्या बहुतेकांच्या कागदांवर जुन्या दंडविधानाचेच आकडे आहेत. जुनं ३०२ म्हणजे खून, आता कलम १०३. जुनं ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, आता १०९. चोरीचं ३७९ आता ३०३ मध्ये आणि फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आलं आहे. नुसता आकडा ऐकून अंदाज बांधू नका. जुनं की नवं, ते विचारा.

गुन्हा आणि काम यांची जोडी बघायची, ती एवढ्यासाठी की त्या माणसाला जुन्या खड्ड्याच्या काठावर उभं करायचं नाही. आर्थिक फसवणुकीत शिक्षा झालेल्याला गल्ल्यावर बसवू नका. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला लोकांच्या घरी सर्व्हिसला पाठवू नका आणि लहान मुलं जिथे येतात तिथे ठेवू नका. यात ढिलाई नको. दारूच्या नशेत हाणामारी केलेल्याला परमिट रूममध्ये काम देऊ नका. या चौकटीबाहेर मात्र संशय वाढवत नेऊ नका. घरफोडी केलेला माणूस सीएनसीवर उत्तम काम करू शकतो.

दोन गोष्टी स्वतः तपासा. पहिली, तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली माणसाला एखाद्या जिल्ह्यातून दोन वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं, आणि तुमचं वर्कशॉप त्याच जिल्ह्यात असेल तर कामावर आल्याबद्दलच त्याला अटक होईल. दुसरी, चालू केसेस. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. क्रमांक नसेल तर नाव आणि कोर्ट टाकून शोधता येतं.

त्याने जे सांगितलं ते एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करा. सरकारी नोकरीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात माहिती लपवण्याबद्दल तपशीलवार मार्गदर्शन केलं. खरी माहिती दिली असली तरी पूर्वेतिहास विचारात घ्यायचा मालकाचा अधिकार राहतो, पण किरकोळ प्रकरण लपवलं गेलं तर तेही पोटात घालता येतं, अशी त्याची दिशा आहे. तुमचं वर्कशॉप खासगी असलं तरी रीत तीच ठेवा: सांगितलेल्या गुन्ह्यासाठी पुढे कधीही काढायचं नाही, आणि लपवलेल्या मोठ्या गोष्टीबद्दल पुन्हा बसून बोलायचं. हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

कागदांचा गुंता

रुजू होण्याआधी एक पूर्ण दिवस कागदांना द्या आणि तुमच्या ऑफिसमधला एक माणूस बरोबर पाठवा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक अडलं की पुढचं सगळं अडतं.

आधी आधार. जुना मोबाइल नंबर केव्हाच बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय बाकीचं काहीच हलत नाही. नवं सिम घेऊन आधार केंद्रावर जा. मोबाइल नंबर बदलायला वेगळा पुरावा लागत नाही, स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. वर्षानुवर्षं माती-दगडाचं काम केलेल्याचे ठसे उमटत नाहीत. तेव्हा ऑपरेटरला डोळ्यांच्या बुबुळांवरून घ्यायला सांगा, नाहीतर तो “मशीन घेत नाही” म्हणून परत पाठवतो.

मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. नवीन केवायसी देऊन ते चालू करता येतं आणि त्याला दंड नसतो. जुन्या खात्यात जुन्या कर्जाची वसुली लागलेली असेल तर पगार जमा होताच वळता होईल, म्हणून पासबुक छापून घ्या आणि बघा. त्यापेक्षा शून्य शिल्लक चालणारं जनधनसारखं नवं खातं उघडलेलं सोपं. त्यानंतर पॅन, तो आधारशी जोडलेला आहे की नाही, आणि शेवटी रेशनकार्ड, ज्यावरून बहुधा त्याचं नाव घरच्यांनी कमी केलेलं असतं. कुठे फारच अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. त्यांचा फोन १५१००.

तुमच्या बाजूने नियुक्तिपत्र, हजेरीपटात नाव, दहा किंवा अधिक माणसं असतील तर ईएसआय (कामगार विमा), वीस असतील तर पीएफ. यांतलं काही “नंतर बघू” म्हणून ठेवू नका. का, ते पुढे येईल. ज्याचं पीएफ खातं आयुष्यात कधीच नव्हतं त्याला केंद्राच्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेतून दोन हप्त्यांत मिळून १५,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात, आणि अटी पुऱ्या केल्या तर मालकालाही दरमहा काही रक्कम मिळते. ३१ जुलै २०२७ पर्यंतच्या नेमणुकांसाठी ती योजना आहे. तुमच्या पीएफ सल्लागाराला विचारा.

पैसा कसा द्यायचा

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात, म्हणून इथे थोडं थांबू.

माणूस ३ जूनला रुजू झाला आणि तुमचा पगार ७ तारखेला होतो. पहिला पगार ७ जुलैला, म्हणजे ३४ दिवसांनी. या ३४ दिवसांत त्याला काय लागतं ते मांडून बघा. कॉट बेसिसवर राहायला समजा २,५०० आणि तेवढंच डिपॉझिट, खानावळीचा डबा ३,५००, आणि तो आगाऊ, बसचे १,२००, दोन जोडी कपडे आणि बूट १,०००, साधा मोबाइल आणि रिचार्ज १,५००. झाले १२,२००. आकडे तुमच्या गावाचे घाला, बेरीज फारशी बदलणार नाही. हे पैसे त्याच्याकडे नाहीत. घरचे देतील अशी स्थिती नाही, सावकार त्याला उभा करत नाही. एकच मंडळी लगेच आणि व्याजाशिवाय देतात: जुनी. आणि त्यांची परतफेड पैशात नसते.

म्हणून पहिले आठ आठवडे दर शनिवारी पगार करा. महिना १५,६०० ठरला असेल, २६ दिवसांचा, तर रोज ६०० आणि आठवड्याला ३,६००. आठवड्याचा पगार द्यायला कायद्याची आडकाठी नाही. खातं चालू होईपर्यंत रोख द्या, पण व्हाउचरवर सही घेऊनच. नवव्या आठवड्यापासून पंधरवड्यावर या आणि चौथ्या महिन्यात बाकीच्यांसारखा मासिक. हा शेवटचा टप्पा अचानक घेतला तर तोच ३४ दिवसांचा खड्डा पुन्हा तयार होतो. तेव्हा मासिक सुरू करताना त्या महिन्याच्या १५ तारखेला अर्धी उचल आणि पुढच्या ७ तारखेला उरलेला पगार, असे दोन महिने काढा.

मोठी उचल एकदम हातात देऊ नका. वर्षानुवर्षं पाचशेची नोट न हाताळलेल्या माणसाच्या खिशात दहा हजार आले की घरचे, देणेकरी, दोस्त सगळे त्याच संध्याकाळी हजर होतात, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. त्याऐवजी खोलीचं डिपॉझिट घरमालकाला आणि डब्याचे पैसे खानावळवाल्या मावशींना तुम्ही परस्पर द्या आणि आठवड्याला ३०० प्रमाणे कापून घ्या. ५,००० रुपये सतरा आठवड्यांत फिटतात. किती फिटले, किती राहिले, ते त्याच्या वहीत दर शनिवारी लिहून द्या.

पगारचिठ्ठीतली कपात आधी समजावून सांगा. १५,६०० वर ईएसआयचे ११७ रुपये जातात, पीएफ लागू असेल तर तोही. न सांगता कापले तर “मी जेलचा म्हणून मारले” असाच अर्थ घेतला जातो. त्याच्यावर काय देणं आहे तेही मोकळेपणाने विचारा: वकिलाची फी, बहिणीच्या लग्नाचं कर्ज, न भरलेला दंड. २०२२ साली राज्य सहकारी बँकेने येरवड्यात बंद्यांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत कर्जाची ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली. तसं एखादं रीतसर कर्जही असू शकतं.

आणि किमान वेतनाच्या खाली एक रुपयाही जाऊ नका. महाराष्ट्रात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो; तो धरून आकडा काढा. “याला दुसरीकडे कोण घेणार” या हिशेबाने कमी पैसे देणारा मालक त्याला मदत करत नाही, लुबाडतो. शेजारच्या लेथवाल्याला आपल्यापेक्षा चार हजार जास्त मिळतात हे पंधरा दिवसांत कळतंच.

पहिला आठवडा

दहा-बारा वर्षं आत काढलेल्या माणसाच्या काही सवयी पहिल्यांदा पाहताना विचित्र वाटतात. तो दारापाशी येऊन थांबतो, कारण इतकी वर्षं दार दुसऱ्याने उघडलं आहे. बाथरूमला जायला विचारतो. पाच मिनिटांत डबा संपवतो आणि उरलेली पोळी रुमालात बांधून ठेवतो. काम संपलं तरी दुसरं हातात घेत नाही, उभा राहतो. सुपरवायझरला हा आळस वाटतो, पण आत स्वतःहून काही करणं हा गुन्हा असतो. म्हणून पहिले दोन आठवडे सकाळी फळ्यावर त्याच्या नावाने चार कामं क्रमाने लिहा आणि खाली एक ओळ: “हे संपलं की ड्रिलिंगची फाइल उघडायची, विचारायची गरज नाही.” तिसऱ्या आठवड्यात फळ्याची गरज संपते.

झोपेचंही असतं. बराकीत रात्रभर दिवा आणि पन्नास माणसांचा आवाज. आता एकट्याच्या खोलीत अंधार आणि शांतता. सुरुवातीला झोप लागत नाही. अशा माणसाला पहिल्या महिन्यात रात्रपाळी देऊ नका आणि ग्राइंडर, पॉवर प्रेसवर एकट्याला उभं करू नका. हाताला लागलं की आधी तो लपवेल, ओरडा बसेल या भीतीने. त्यामुळे रोज संध्याकाळी त्याचे हात एकदा बघा.

मोबाइलसाठी शनिवारी एक तास काढा. यूपीआयने चहाचे दहा रुपये द्यायला लावा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे शिकवा. मुख्य म्हणजे “तुझ्या खात्यात थोडे पैसे टाकतो, काढून दे, हजार रुपये तुला” असं कुणी म्हटलं तर थेट तुमच्याकडे यायला सांगा. अशा खात्यांतून सायबर फसवणुकीचे पैसे फिरवले जातात, खातं गोठतं, आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. नव्याने सुटलेला, नवं खातं असलेला माणूस या टोळ्यांना हवाच असतो.

त्याच्याबद्दल कुणाला सांगायचं? तुम्ही आणि एक सुपरवायझर, बस. सुपरवायझरही असा निवडा जो स्वतः मशीनवर काम करतो आणि कमी बोलतो. सगळ्यांसमोर ओळख, हार-नारळ, व्हॉट्सॲपवर फोटो, “आमच्या सामाजिक कार्याचा भाग”, हे काही करू नका. चार महिन्यांनी तो स्वतः चहाच्या सुट्टीत कुणाला सांगेल, ते त्याचं त्याला ठरवू द्या.

बाई असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. पुरुषाला घर सहसा परत घेतं. शिक्षा झालेल्या बाईला माहेर आणि सासर दोन्ही पुष्कळदा दार लावतात, म्हणून राहण्याची सोय ठरल्याशिवाय कामाची तारीख ठरवू नका. आणि “हिला कोण विचारतंय” असं समजून लगट करणारा एखादा असतोच. दहा किंवा अधिक माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यातल्या बाईंचं नाव आणि फोन तिला पहिल्या दिवशी कागदावर द्या.

तारखा, पोलीस आणि चोरी

कोर्टाची तारीख चुकली की वॉरंट निघतं, मग अटक होते, आणि ती बहुधा तुमच्या गेटवर होते. हे टाळायला खर्च शून्य आहे. तुमच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर त्याच्या तारखा लाल पेनने लिहा, आदल्या दिवशी आठवण करा, आणि तारखेची सुट्टी बिनपगारी असली तरी बिनबोभाट द्या. परत आल्यावर एकच विचारा: पुढची तारीख कुठली? ठाण्यातली हजेरी सकाळी कामाच्या वेळेत येत असेल तर लेटरहेडवर पाळीची वेळ लिहून त्याच्याजवळ पत्र द्या. वेळ बदलून मिळणं अधिकाऱ्यावर किंवा कोर्टाच्या अटीवर अवलंबून असतं, पण पत्र असलं की निदान बोलता येतं.

परिसरात घरफोडी झाली की पोलीस जुनी नावं काढतात आणि चौकशीला येतात. त्यावर चिडू नका, घाबरू नका. तुमचा हजेरीपट दाखवा. आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ, सही, ओव्हरटाइमची नोंद: ही त्या माणसाची सगळ्यात मोठी ढाल आहे. मघाशी कागद “नंतर बघू” म्हणून ठेवू नका म्हटलं, ते यासाठी. मस्टरवर नसलेला माणूस त्या रात्री कुठे होता, हे सिद्ध करणं कठीण असतं. गेटवरच्या कॅमेऱ्याची डिस्क भरली की जुनं फुटेज पुसलं जातं, म्हणून तशी काही घटना कानावर आली तर त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

आणि कधीतरी तुमच्याच शेडमधून पितळेचे बुश किंवा कुणाचा मोबाइल जाईल. सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळतील. त्या दिवशी एकट्याची पिशवी तपासलीत तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि खरा चोर तुमच्याकडेच राहील. गेटवर तपासणी असेल तर सगळ्यांची, रोज, तुमच्या पुतण्यापासून. स्टोअरमधून माल देताना आणि घेताना वजन करून नोंद ठेवली तर बहुतेक संशय कागदावरच मिटतात. चोरी त्यानेच केल्याचं सिद्ध झालं, तर इतर कामगाराला जे केलं असतं तेच करा: लेखी नोटीस, चौकशी, निर्णय. जास्त नाही, कमीही नाही.

दारू पिऊन आला तर त्या दिवशी घरी पाठवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोला. पहिल्या नव्वद दिवसांत एखादा दिवस न सांगता गायब होणं हे बरंच घडतं. लगेच नाव कापू नका. सुपरवायझरला खोलीवर पाठवा. लाज वाटली म्हणून न येणारा माणूस बोलावलं की येतो. दोनदा लेखी समज देऊनही तेच चाललं, किंवा कुणावर हात उचलला, तर मात्र हिशेब चुकता करून मोकळं करा.

नव्वदाव्या दिवशी पुन्हा केबिनमध्ये बसा. काय जमलं, काय शिकायचं, पगारात पुढची वाढ कधी आणि कशावर, ते बोला आणि लिहून द्या. आत असताना मुक्त विद्यापीठातून शिक्षण सुरू केलं असेल तर ते पूर्ण करायला परीक्षेची रजा द्या. त्याला पुढे दुसरीकडे जास्त पगार मिळाला आणि तो निघाला, तर अडवू नका. लेटरहेडवर अनुभवाचा दाखला द्या: रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, कुठल्या मशीनवर काम केलं, किती माल काढायचा, हजेरी कशी होती. शिक्षेचा उल्लेख त्यात येता कामा नये. खाली तुमची सही, शिक्का आणि चौकशीसाठी फोन नंबर द्या, आणि तो फोन वाजला तर उचला.